एंटरप्राइझ कुणाची?

‘स्टार ट्रेक : द मोशन पिक्चर’ या १९७९च्या सिनेमात एक प्रसंग आहे. ॲडमिरल कर्क एका छोट्या यानातून आपल्या जुन्या जहाजाकडे, एंटरप्राइझकडे निघालेला असतो. डागडुजी होऊन नवंकोरं झालेलं जहाज अंतराळातल्या गोदीत उभं आहे. कॅमेरा त्याच्या अंगाखांद्यावरून सावकाश फिरतो, जेरी गोल्डस्मिथचं संगीत चढत जातं आणि कर्कच्या चेहऱ्यावर फार दिवसांनी घरी आलेल्या माणसाचे भाव उमटतात. जवळजवळ पाच मिनिटं हेच चालतं. कथा तसूभरही पुढे सरकत नाही. समीक्षक कंटाळले, आणि हा सिनेमा जागचा हलतच नाही अशी त्याची थट्टा झाली. ज्यांचा ‘स्टार ट्रेक’च्या मूळ दूरचित्रवाणी मालिकेवर जीव होता त्यांना मात्र ही पाच मिनिटं हवीच होती. कर्क ज्या नजरेने जहाज न्याहाळत होता त्याच नजरेने तेही न्याहाळत होते, कारण मालिका बंद पडल्यानंतरच्या दहा वर्षांत ते जहाज त्यांनीच जपलं होतं.

विज्ञानकथेच्या एखाद्या जुन्या विश्वात नवा सिनेमा येणार म्हटलं की चाहत्यांच्या आशा, धास्ती आणि संताप यांची मोठी लाट उठते. ‘स्टार ट्रेक’ आणि ‘स्टार वॉर्स’ या दोन विश्वांच्या बाबतीत हे गेली चार-साडेचार दशकं चालू आहे. या लाटेकडे पाहण्याच्या दोन सोप्या रीती आहेत. एक म्हणजे, ही पोरकट माणसं आहेत, त्यांना काहीच पसंत पडणार नाही. दुसरी म्हणजे, गल्ला त्यांच्या खिशातून येतो, तेव्हा ती म्हणतील ते करावं. या दोन्ही रीती चुकीच्या आहेत असं माझं मत आहे, आणि आजवरचा इतिहास तेच दाखवतो. चाहत्यांची भीती नीट ऐकावी. त्यांनी केलेली मागण्यांची यादी मात्र पुरवत बसू नये. ही भीती कुठून येते हे कळायला थोडं मागे जावं लागेल.

‘स्टार ट्रेक’ ही मालिका ८ सप्टेंबर १९६६ रोजी अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर सुरू झाली. प्रेक्षकसंख्या बेताचीच होती. दुसऱ्या वर्षी ती बंद होणार अशी कुणकुण लागली, तेव्हा बीजो आणि जॉन ट्रिंबल या दांपत्याने पत्रमोहीम उभारली. वाहिनीकडे लाखाच्या घरात पत्रं गेली. जानेवारी १९६८मध्ये कॅलटेकचे विद्यार्थी मशाली घेऊन बरबँकच्या एनबीसी कचेरीवर मोर्चाने गेले. मालिका चालू राहणार आहे, हे अखेर वाहिनीला पडद्यावरून जाहीर करावं लागलं. वर्षभराने, ७९ भाग झाल्यावर, ती बंद पडलीच. पण ती संपली नाही. स्थानिक वाहिन्यांवर तिचे भाग पुन्हा पुन्हा लागत राहिले. चाहते, त्यातही मोठ्या संख्येने स्त्रिया, स्वतः लिहिलेल्या कथांचे हौशी अंक चक्रमुद्रित करून टपालाने एकमेकांना पाठवू लागले. ‘स्पॉकॅनालिया’ हा त्यातला पहिला अंक १९६७मध्येच निघाला होता. जानेवारी १९७२मध्ये न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात चाहत्यांचं संमेलन भरलं. आयोजकांचा अंदाज काहीशे लोकांचा होता, आले तीन हजारांवर. १९७६मध्ये तर चाहत्यांच्या पत्रांमुळे अमेरिकेच्या पहिल्या स्पेस शटलचं ठरलेलं ‘कॉन्स्टिट्यूशन’ हे नाव बदलून ‘एंटरप्राइझ’ करण्यात आलं.

या सगळ्या वर्षांत स्टुडिओने काय केलं? फारसं काही नाही. मालिकेचं पुनरुज्जीवन करायचं म्हणून ‘फेज टू’ची तयारी झाली, मग ती गुंडाळली गेली. १९७७मध्ये ‘स्टार वॉर्स’ने तिकीटबारीवर जे केलं ते पाहून मग मोठ्या पडद्याचा विचार पक्का झाला. हा क्रम चाहत्यांच्या मनात कोरला गेला आहे. वस्तू मालकाने टाकून दिली होती, राखली आम्ही, आणि तिला मोल आल्यावर मालक परत आला. कायद्याच्या दृष्टीने या भावनेला काही अर्थ नाही. माणसाच्या दृष्टीने आहे. नव्या सिनेमाची घोषणा होते तेव्हा उमटणाऱ्या पहिल्या आवाजात या जुन्या राखणीचा हक्क बोलत असतो.

या पहिल्या सिनेमाशी मुंबईचंही नातं आहे. त्यातली इलिया ही डोक्याचा गोटा केलेली परग्रहावरची अधिकारी पर्सिस खंबाटाने साकारली. मुंबईची ही पारशी मुलगी १९६५ची मिस इंडिया. आपल्याकडे तिची ओळख सौंदर्यस्पर्धा आणि मॉडेलिंगपुरती उरली आहे, पण ‘स्टार ट्रेक’च्या जगात तिचं स्थान वेगळं आहे. केस कापतानाचं तिचं धैर्य तिथले जुने चाहते आजही आदराने आठवतात. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर मूळ मालिका पाहिलेल्या आपल्याकडच्या पिढीला हे ठाऊक असायला हवं होतं. ते फारसं पोचलं नाही, याची मला खंत वाटते.

सिनेमाने अमेरिकेत सुमारे ८ कोटी २० लाख डॉलर मिळवले, पण त्यावर ४ कोटींहून अधिक खर्च झाला होता आणि स्टुडिओ नाराज होता. दुसरा सिनेमा सुमारे १ कोटी २० लाखांत करायचं ठरलं. निर्माता हार्व्ह बेनेट याला मालिकेची काहीच माहिती नव्हती. त्याने सगळे ७९ भाग बसून पाहिले आणि १९६७च्या एका भागातला खान हा खलनायक निवडला. दिग्दर्शक निकोलस मायरही चाहता नव्हता. या दोघांच्या हातून १९८२चा ‘द रॅथ ऑफ खान’ झाला, आणि आजही बहुतेक चाहते त्यालाच या मालिकेतला सर्वांत चांगला सिनेमा मानतात. नव्या सिनेमाचा कर्ता कट्टर चाहता असलाच पाहिजे ही अपेक्षा किती फोल आहे, ते इथेच दिसतं.

पण या सिनेमाची खरी गोष्ट वेगळीच आहे. चित्रीकरण पूर्ण होण्याआधीच कर्कचा जिवलग सोबती स्पॉक मरणार ही बातमी फुटली. चाहत्यांनी निषेधाची पत्रं धाडली. अशा वेळी स्टुडिओपुढे दोन मार्ग दिसतात. मरण रद्द करायचं, किंवा विरोध कानाआड करून आपलं ते पुढे रेटायचं. मायरने तिसरा मार्ग काढला. सिनेमा सुरू होतो आणि पहिल्या काही मिनिटांतच स्पॉक कोसळतो. प्रेक्षक हबकतो. लगेच कळतं की ही प्रशिक्षणार्थींची लुटुपुटूची लढाई होती. कर्क त्याला तू मेला नाहीस का, अशा अर्थाचं काहीतरी चेष्टेत विचारतो आणि थिएटर सैलावतं. अफवा ऐकून आलेल्या माणसाला वाटतं, हेच होतं ते. मग शेवटी स्पॉक खरोखर जातो तेव्हा तो घाव पुरेपूर बसतो, कारण मनाची ढाल आधीच खाली ठेवलेली असते. मायरने चाहत्यांची भीती जाणली, तिला पटकथेत जागा दिली, आणि जे करायचं होतं तेच केलं. या साऱ्या आढाव्यात मला यापेक्षा चांगलं उदाहरण सापडलेलं नाही. पुढे, लोक फारच खिन्न होऊन बाहेर पडतील म्हणून, मायरच्या मनाविरुद्ध शेवटी आशेचे दोन धागे जोडले गेले, आणि १९८४च्या तिसऱ्या सिनेमात स्पॉक परतला. तिथे स्टुडिओ नमला, हेही नोंदवायला हवं.

‘स्टार वॉर्स’ची कुंडली निराळी. तिथे मालक एकच, जॉर्ज लुकास, आणि त्याने कुणाच्या पत्रांना भीक घालण्याचा प्रश्नच नव्हता. २५ मे १९७७ रोजी मोजक्या ३२ थिएटरांत लागलेला हा सिनेमा बघता बघता एका पिढीचं बालपण झाला. १९८३नंतर मात्र पडदा शांत होता. मधल्या काळात टिमोथी झान यांची ‘एअर टू द एम्पायर’ ही कादंबरी १९९१मध्ये आली, ती तुफान खपली, आणि लूक, लेया, हान या मुख्य पात्रांची पुढची आयुष्यं पुस्तकांतून वाढू लागली. वाचकांच्या लेखी तीच खरी पुढची कथा होती.

१९९७मध्ये लुकासने जुने तिन्ही सिनेमे संगणकाने सजवून पुन्हा प्रदर्शित केले. त्यात त्याने एक बदल केला. खानावळीत हान सोलो समोरच्या सुपारीबाज ग्रीडोला गोळी घालतो, तिथे या आवृत्तीत ग्रीडोची गोळी आधी सुटते. बदल काही क्षणांचा, पण चाहते अजून ते विसरलेले नाहीत. बाहेरच्या माणसाला हा हट्ट वाटेल. मला तो वाटत नाही. आधी गोळी घालणारा हान हा स्वार्थी, बेभरवशाचा माणूस आहे. तो शेवटी मित्रांसाठी परत येतो तेव्हा त्याच्यात काहीतरी बदललेलं असतं. आधीपासूनच सज्जन असलेल्या माणसाच्या परत येण्यात ती गंमत उरत नाही. म्हणजे चाहते कथेच्या मर्मावर बोट ठेवत होते. शिवाय जुन्या सिनेमांत नंतर ढवळाढवळ करू नये म्हणून १९८८मध्ये अमेरिकी काँग्रेससमोर साक्ष देणारा माणूस लुकासच होता. चाहत्यांनी ती साक्ष त्याला वारंवार दाखवली, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही.

मग १९९९ आलं. ‘द फँटम मेनेस’ या नव्या ‘स्टार वॉर्स’ सिनेमाचा पहिला ट्रेलर नोव्हेंबर १९९८मध्ये झळकला तेव्हा अमेरिकेत माणसं दुसऱ्याच सिनेमांची पूर्ण किमतीची तिकिटं काढून, ट्रेलर पाहून बाहेर पडत होती. हॉलिवूडच्या चायनीज थिएटरपुढे प्रदर्शनाच्या कित्येक आठवडे आधी रांग लागली. सोळा वर्षांच्या प्रतीक्षेचा भार कुठलाच सिनेमा पेलू शकला नसता. हा तर करआकारणीच्या आणि व्यापारी नाकेबंदीच्या गुंतागुंतीने सुरू होत होता. मिळकत प्रचंड झाली, पण चाहत्यांच्या मनात दरी पडली. लॉस एंजेलिसमधल्या एका संकलकाने स्वतःच्या हाताने सिनेमा कापून सुमारे वीस मिनिटांनी छोटा केला, आणि ‘द फँटम एडिट’ या नावाने त्याच्या व्हिडिओ कॅसेटी हातोहात फिरल्या. रागाची ही मला सर्वांत आदरणीय तऱ्हा वाटते. तक्रार करणारा माणूस पदर खोचून कामाला लागला.

दुसरी तऱ्हा लाजिरवाणी होती. जार जार बिंक्स हे विनोदी पात्र उभं करणारा अहमद बेस्ट याच्यावर इतका गलिच्छ मारा झाला की आपण आत्महत्येच्या विचारापर्यंत गेलो होतो, असं त्याने २०१८मध्ये उघड केलं. छोट्या अनाकिनचं काम करणारा जेक लॉइड चित्रीकरणाच्या वेळी आठ वर्षांचा होता. शाळेतल्या छळाबद्दल तो नंतर बोलला, आणि २००१नंतर त्याने अभिनय सोडला. लेखक-दिग्दर्शकाच्या निर्णयाची शिक्षा एका पोराला. राखणीच्या हक्काची बाजू मी मनापासून मांडतो आहे, म्हणूनच हेही स्पष्ट लिहितो की या वागण्याला त्या हक्काचा आडोसा कुणी घेऊ नये.

३० ऑक्टोबर २०१२ला डिस्नेने लुकासची कंपनी ४०५ कोटी डॉलरना घ्यायचं जाहीर केलं. एप्रिल २०१४मध्ये आधीच्या सगळ्या कादंबऱ्या अधिकृत कथेतून बाहेर काढून ‘लेजेंड्स’ नावाखाली वेगळ्या ठेवल्या गेल्या. वीस-पंचवीस वर्षं ज्यांनी त्या वाचल्या त्यांना हा धक्का मोठा होता, आणि ‘द फोर्स अवेकन्स’ या डिस्नेच्या पहिल्या ‘स्टार वॉर्स’ सिनेमाच्या स्वागताच्या गजरात तो दबून गेला. नव्या मालकांना चाहत्यांची भीती मात्र नेमकी कळली होती. संगणकाने रंगवलेल्या, हात लावता न येणाऱ्या जगाची ती भीती होती. म्हणून दिग्दर्शक जे. जे. अब्राम्सने फिल्मवर चित्रीकरण केलं, खरे सेट आणि खरे मुखवटे वापरले, आणि हे सारं आवर्जून सांगितलं. एप्रिल २०१५मध्ये अनाहाइमच्या मेळाव्यात बीबी-८ हा चेंडूसारखा यंत्रमानव मंचावर खरोखर घरंगळत आला तेव्हा सभागृहात जल्लोष झाला. त्याच मेळाव्यात दाखवलेल्या ट्रेलरच्या शेवटी पिकलेल्या केसांचा हान सोलो आपल्या जुन्या साथीदारासोबत, च्युबाकासोबत दिसला आणि पन्नाशीतली माणसं रडली. ऑक्टोबरमध्ये तिकीटविक्री सुरू होताच अमेरिकेत तिकिटांच्या वेबसाइट कोलमडल्या. टेक्सासमधल्या एका मरणासन्न चाहत्याला तर, इतर चाहत्यांनी आणि कलाकारांनी शब्द टाकल्यामुळे, अपुरा सिनेमा प्रदर्शनाआधीच घरी दाखवण्यात आला. काही दिवसांत तो गेला. सिनेमाच्या धंद्यात असं घडतं यावर विश्वास बसत नाही, पण ते घडलं. दुसरीकडे, मुख्य पात्रांत एक कृष्णवर्णीय तरुण आणि एक मुलगी आहे म्हणून बहिष्काराची हाकही ऑक्टोबरमध्येच दिली गेली. आवाज मोठा होता. तिकीटबारीवर त्याचा काही परिणाम दिसला नाही.

अमेरिकेत सिनेमा १८ डिसेंबरला लागला, भारतात मात्र २५ डिसेंबरला. १८ तारखेला इथले पडदे ‘बाजीराव मस्तानी’ आणि ‘दिलवाले’ने व्यापले होते. तो आठवडा मुंबई-पुण्यातल्या चाहत्यांना, हानचं काय होतं हे कानावर पडू न देता काढावा लागला. गंमत अशी की त्याच दिवसांत पुण्यात ‘बाजीराव मस्तानी’तल्या ‘पिंगा’ गाण्यावरून रान पेटलं होतं. काशीबाई आणि मस्तानीला एकत्र नाचताना दाखवणं पेशव्यांच्या वंशजांना आणि अनेक सामान्य पुणेकरांना खटकलं होतं. इतिहास आणि कल्पित एकाच मापाने मोजता येत नाहीत हे खरं. तरी ज्यांना लूक स्कायवॉकरवरून भांडणारे अमेरिकन विचित्र वाटतात त्यांनी हे गाणं आठवून पाहावं. आपलं मानलेलं माणूस पडद्यावर भलतंच वागलं की काय होतं, हे मराठी प्रेक्षकाला वेगळं समजावून सांगायला नको.

‘द फोर्स अवेकन्स’ने जगभरात २०० कोटी डॉलरचा टप्पा ओलांडला. पहिल्या आठवड्यातला आनंद निखळ होता. काही महिन्यांनी सूर बदलला. वाळवंटी ग्रहावरचं पोरकं मूल, यंत्रमानवात दडवलेला नकाशा, ग्रह उडवणारं महाअस्त्र आणि त्याचा ऐन वेळी केलेला नाश, हे सगळं १९७७चंच की! लुकासनेही त्याला मागे पाहणारा सिनेमा म्हटलं. पहिल्या आठवड्याच्या कौलावर फार विसंबू नये, हा धडा इथे आनंदाच्या बाजूने मिळाला.

रागाच्या बाजूने तो ‘द लास्ट जेडाय’ने दिला. डिसेंबर २०१७च्या या सिनेमात दिग्दर्शक रायन जॉन्सनने रे या नायिकेचे आईबाप कुणीच नव्हते असं दाखवलं, स्नोक या महाखलनायकाला त्याची ओळख न देता मधेच संपवलं, आणि लूकला एका बेटावर सगळ्यावरची श्रद्धा गमावून बसलेला म्हातारा केलं. दोन वर्षं चाहते रेच्या वंशावळीचे आणि स्नोकच्या पूर्वायुष्याचे तर्क लढवत होते. हा नव्या काळातला मोठा फरक आहे. पूर्वी दोन सिनेमांच्या मधल्या काळात हौशी कथा लिहिल्या जात आणि त्या कल्पित आहेत हे लिहिणाऱ्याला ठाऊक असे. आता तर्क रचले जातात, त्यांना पुरावे जोडले जातात, आणि प्रदर्शनाच्या दिवशी पडद्यावरच्या सिनेमाला प्रेक्षकाच्या डोक्यात आधीच पूर्ण झालेल्या सिनेमाशी झुंजावं लागतं.

लूकचं प्रकरण यापेक्षा खोल होतं. कीर्तनाला बसलेल्या प्रत्येकाला रामकथा पाठ असते. बुवा ती नव्याने कशी रंगवतात हे ऐकायला माणसं येतात, आख्यान भलत्या दिशेलाही खुशाल जाऊ देतात, पण राम रामासारखा वागला पाहिजे ही अट कायम असते. आपल्या पापी बापातही चांगुलपणा शोधणारा मुलगा झोपलेल्या भाच्यावर क्षणभर का होईना शस्त्र उगारेल का, हा चाहत्यांचा प्रश्न होता. लूक साकारणाऱ्या खुद्द मार्क हॅमिलला तो पडला होता आणि त्याने तो जाहीरपणे बोलून दाखवला. मला स्वतःला हा सिनेमा त्या मालिकेतला सर्वांत धीट वाटतो, आणि लूकचा शेवट, शस्त्र न चालवता शत्रूच्या अख्ख्या सैन्याला रोखून धरणं, त्याच्या स्वभावाला शोभणारा वाटतो. पण तो प्रश्न विचारणाऱ्याला मी मूर्ख म्हणणार नाही. त्याने लूक ओळखलेला आहे.

या सिनेमाबद्दल चाहत्यांना नक्की काय वाटलं हे मोजायला गेलं की हाती काय लागतं तेही पाहण्यासारखं आहे. सिनेमास्कोर ही संस्था पहिल्या रात्री थिएटरातून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांना विचारते. तिथे ‘ए’ श्रेणी मिळाली. रॉटन टोमॅटोजवर समीक्षकांची पसंती नव्वद टक्क्यांच्या वर होती, आणि ज्याला वाटेल त्याने नोंदवायची प्रेक्षकपसंती पन्नाशीच्या खाली. मॉर्टन बे या संशोधकाने दिग्दर्शकाला उद्देशून आलेले साडेनऊशेहून अधिक ट्वीट तपासले, तेव्हा त्यांत नकारात्मक सुमारे एक पंचमांशच निघाले, आणि त्यातलेही बरेचसे राजकीय हेतूने किंवा खोट्या खात्यांवरून आलेले होते. रॉटन टोमॅटोजने २०१९मध्ये प्रदर्शनापूर्वीचे प्रेक्षक-आकडे दाखवणं बंद केलं आणि तिकीट काढल्याची खात्री पटलेल्या प्रेक्षकांचा आकडा वेगळा द्यायला सुरुवात केली. याचा अर्थ राग खोटा होता असा मी काढत नाही. मनापासून दुखावलेली माणसं मला माहीत आहेत. पण गोंगाट जितका मोठा तितके लोक त्यामागे, हा हिशेब चुकतो. त्या गोंगाटाची किंमत केली मरी ट्रॅनने मोजली. तिच्या रोझ या पात्राच्या निमित्ताने तिच्या वंशावरून आणि रूपावरून इतकं लिहिलं गेलं की २०१८मध्ये तिने इन्स्टाग्रामवरचं सगळं पुसून टाकलं.

स्टुडिओ घाबरला आणि यादी पुरवायला बसला. डिसेंबर २०१९चा ‘द राइज ऑफ स्कायवॉकर’ पुन्हा अब्राम्सकडे आला. रेला वंश हवा होता, तिला सम्राट पॅल्पटीनची नात केलं. मोठा खलनायक हवा होता, मेलेल्या पॅल्पटीनलाच परत आणलं. १९७७मध्ये च्युबाकाला पदक दिलं नाही ही जुनी तक्रार होती, तर तेही त्याच्या हातात ठेवलं. आणि रोझच्या वाट्याला जेमतेम सव्वा मिनिट आलं. यातलं शेवटचं मला माफ करता येत नाही. छळ झालेल्या नटीला सिनेमानेच बाजूला सारलं. प्रत्येक मागणी पुरी झाली आणि सिनेमा निष्प्राण झाला. सिनेमास्कोरची श्रेणी ‘बी प्लस’पर्यंत उतरली, आणि आधीच्या भागाची १३३ कोटी डॉलरची मिळकत १०७ कोटींवर आली. मागणी करणाऱ्यांनाही तो फारसा आवडला नाही. यादीत लिहिलेलं सगळं मिळालं, पण ती यादी ज्या भीतीतून आली होती, म्हणजे या कथेला दिशा उरलेली नाही ही भीती, तिच्याकडे कुणी पाहिलंच नाही.

‘स्टार ट्रेक’कडे परत येतो, कारण अब्राम्सच्याच हातून तिथे एकदा फार छान काम झालं होतं. २००९च्या सिनेमात कर्क आणि स्पॉकच्या भूमिकांत नवे नट आणायचे होते, म्हणजे चाळीस वर्षांचा इतिहास पुसला जाण्याची धास्ती होती. कथेतच तोड काढली गेली. काळाला फाटा फुटतो, नवं आयुष्य वेगळ्या वाटेने जातं आणि जुना इतिहास जागच्या जागी शाबूत राहतो. म्हाताऱ्या स्पॉकच्या रूपात मूळ मालिकेतला स्पॉक, स्वतः लेनर्ड निमॉय, हे सांगायला येतो. एप्रिल २००९मध्ये ऑस्टिनच्या एका थिएटरात ‘द रॅथ ऑफ खान’च्या खेळाला लोक जमले होते, सोबत नव्या सिनेमाची दहा मिनिटं दाखवणार होते. पडद्यावर फिल्म जळल्याचं भासवलं गेलं, निमॉय मंचावर आला आणि त्याने लोकांना विचारलं की नवा सिनेमाच पूर्ण पाहायचा का. त्या रात्रीच्या आरोळ्या ऐकून ज्यांना चाहत्यांची कीव येते त्यांच्याशी माझं जमणार नाही.

चार वर्षांनी ‘इनटू डार्कनेस’ने हे सगळं घालवलं. खलनायक खान आहे का, असं विचारल्यावर करणाऱ्यांनी आणि नटांनी सतत नकार दिला. निघाला खानच. मूळ मालिकेत खान नूनियन सिंग हा उत्तर भारतातला, बहुधा शीख, असं सांगितलेलं आहे. तेव्हा तो मेक्सिकन नट रिकार्डो मोंतालबानने केला, आता गोऱ्या ब्रिटिश बेनेडिक्ट कंबरबॅचने. भारतीय वंशाच्या चाहत्यांनी यावर आक्षेप घेतला आणि तो रास्तच होता. १९६७मध्ये सोय म्हणून जे चाललं ते २०१३मध्ये, मुंबईपासून टोरांटोपर्यंत नटांची रांग असताना, चालायला नको होतं. त्या ऑगस्टमध्ये लास व्हेगासच्या मेळाव्यात चाहत्यांनी आजवरच्या ‘स्टार ट्रेक’ सिनेमांची क्रमवारी लावली आणि हा सिनेमा तळाला ठेवला. खान असल्याचं आधीच सांगायला हवं होतं, असं अब्राम्सने नंतर कबूल केलं. आश्चर्य राखणं वेगळं आणि विचारणाऱ्याला खोटं सांगणं वेगळं. चाहता पहिल्यासाठी वर्षभर कान झाकून बसायला तयार असतो.

काळ जातो तसे निकाल बदलतात, आणि ते बदलणारी माणसं बहुतेकदा नवी असतात. १९९९मध्ये सहा-सात वर्षांची असलेली मुलं मोठी झाली, आणि त्यांच्यासाठी ‘फँटम मेनेस’ हाच बालपणीचा ‘स्टार वॉर्स’ होता. मोठ्या अनाकिनचं काम केलेला हेडन क्रिस्टेन्सन २०२२मध्ये त्याच भूमिकेत परतला तेव्हा त्याचं प्रेमाने स्वागत झालं. अहमद बेस्ट २०२३मध्ये ‘द मँडलोरियन’मध्ये जेडाय योद्धा म्हणून आला आणि ज्या जगाने त्याला झिडकारलं होतं त्याने उभं राहून टाळ्या दिल्या. १९७९च्या पहिल्या ‘स्टार ट्रेक’चंही तसंच. त्याचा दिग्दर्शक रॉबर्ट वाइजने २००१मध्ये तो नव्याने संकलित केला, २०२२मध्ये ती आवृत्ती नीट उजळून आली, आणि मंद म्हणून हिणवलेल्या त्या सिनेमाला आज भव्य, चिंतनशील म्हणणारे समीक्षक आहेत. म्हणून ‘द लास्ट जेडाय’वरचा शेवटचा शब्द अजून बोलला गेलेला नाही असं मी मानतो. २०१५मध्ये रेकडे पाहून काठी फिरवायला शिकलेल्या मुली अजून लिहित्या व्हायच्या आहेत.

चाहत्यांची एक मागणी मात्र अशी आहे की ती जशीच्या तशी मान्य करायला हवी. लुकासच्या बदलांआधीचा, १९७७ साली पडद्यावर आलेला मूळ ‘स्टार वॉर्स’, ग्रीडोच्या गोळीशिवायचा, उत्तम प्रतीत सर्वांना पाहता यावा ही ती मागणी. जून २०२५मध्ये लंडनला ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या महोत्सवात त्या काळची एक मूळ प्रत दाखवली गेली, तेव्हा जगभर त्याची बातमी झाली. या मागणीत नव्या कथेवर हक्क सांगणं नाही, कुठल्या दिग्दर्शकाचा हात धरणं नाही. जी कलाकृती लोकांनी पाहिली, ती इतिहास म्हणून जपा आणि दाखवा, एवढंच तिचं म्हणणं आहे, आणि १९८८च्या साक्षीत लुकासचंही तेच होतं.